शेरा

कुपवाड रस्त्याला, हळदीच्या गोदामांमागं
आमचं कुत्र्यांचं निवारा केंद्र.
वारा फिरला की फिनेलचा वास मरतो
आणि सगळ्या आवारावर पिवळी भुकटी बसते.
कुत्री शिंकतात. इलाहीचाचाही.

दुपारी समितीपुढं मसुदा जाणार.
आठव्यांदा लिहिलाय:
आधी गुंगी. मग थांबणं.
मग दुसरं इंजेक्शन, शिरेतून, डॉक्टरच्याच हातानं.
दुसऱ्या जनावरासमोर नाही.
बुबुळाला कापसाचं टोक लावून पाहावं;
पापणी हलली नाही तरी
स्टेथोस्कोप काढू नये, घड्याळी पाच मिनिटं.
मेल्यासारखं दिसणं म्हणजे मरण नव्हे.

हे शेवटचं वाक्य मागच्या बैठकीत खोडलं होतं.
मगदूम मॅडम, भाषा जरा सरकारी ठेवा.
मी ते परत घातलंय.

आमच्या घरी दिवेलागणीआधी ताटं उचलतात.
आई पाणी गाळते, आणि फडक्यात उरलेलं
पुन्हा त्याच विहिरीत नेऊन सोडते, अलगद,
कुणाचं तरी घर मोडू नये म्हणून.
माझ्या बॅगेत काय असतं, तिला माहीत आहे.
बॅगेला ती हात लावत नाही.
दारात उभी राहून एवढंच विचारते,
आज अंघोळीला पाणी काढू?

इलाही मुजावर पूर्वी नगरपालिकेच्या गाडीवर.
तेव्हा कलम नव्हतं, पुडी होती.
"भज्यात घालून टाकायचो, बाई,
बाजार उठला की.
पहाटं मोजायला जायचं.
शेपूट दावली की पैसं.
काही शेपट्या...
अजून हालत हुत्या."
दोन वर्षांत हे एकदाच बोलला,
आणि कपाला कान असूनही
चहा दोन्ही हातांनी धरून बसला.

सकाळी सतरा नंबर.
माधवनगरच्या वळणावर उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेली.
मिरजेहून फोटो काढून आणला, चार दिवस सलाईन,
कमरेखाली काहीच परत आलं नाही.
शेपूट गेली, म्हणून कानांनी ओळख देते.

चाचानं टेबल दोनदा धुतलं,
आधीच्याचा वास राहू नये म्हणून.
वर पोतं. पोत्यावर स्वतःचा टॉवेल.
दुधातली भाकरी बोटानं भरवली
आणि तिचं डोकं कोपराच्या खोबणीत घेतलं,
हे मसुद्यात आहे, कलम नऊ,
पण मी ते त्याच्याकडूनच उचललं.
गुंगी चढली. कान आडवे झाले.
पुढच्या पायाची शीर पहिल्या टोचणीत मिळाली.
मग मी ऐकत राहिले,
लांब, आणखी लांब, मग नुसता माझाच कानातला आवाज.

"पाच झाली, चाचा."
"परत बघा."
पापणी. कापूस. छाती.
"नाही काही."
"बाई, परत एकडाव."

अकरा मिनिटं.
शेजारच्या पिंजऱ्यांतलं कुणी भुंकलं नाही;
त्यांना दिसत नव्हतं, दार बंद होतं.
तरी.

समितीनं पाच मिनिटं राहू दिली.
एकानं विचारलं, एका दिवशी दहा असली तर?
मी म्हटलं, तर पन्नास.
कलम नऊ काढलं: मांडीवर घेतलं की नाही
तपासणार कोण?
बरोबरच आहे. कुठल्या रकान्यात बसणार ते.
माझं वाक्यही गेलं, आठव्यांदा.

सायंकाळी नोंदवही.
वजन, रंग, मात्रा, पहिली वेळ, दुसरी वेळ, सही.
शेवटी शेरा.
तिथं मी नेहमी आडवी रेघ मारते.
चाचा झाडू भिंतीला टेकवून आला.
"लिवा, वडापावच्या गाड्यावरची पोरं
हिला बुंदी म्हणायची."
मी लिहिलं.
रकाना अरुंद, दुसरी वेलांटी रेघेबाहेर गेली.

घरी पोचले तेव्हा ताटं उचललेली होती.
आज उशीर, आई म्हणाली.
हो. सहा मिनिटं जास्त लागली.
तिनं का ते विचारलं नाही,
बादली खाली सोडली. रहाट वाजत राहिला.