दगडफूल

दोन हिवाळे उजवी नाकपुडी बंद होती.
सर्दी, म्हणाले सगळे. मीही म्हणाले.
भद्रकालीत मिरची-कांडप चालवणारी बाई
शिंकणार नाही तर काय करणार.
दीर घाटावर प्राणायामाला जातात, ते म्हणाले,
उजवी म्हणजे सूर्यनाडी, वहिनी, तुमचा सूर्य बंद आहे.
म्हटलं, असेल. वीजबिलही थकलंय.

डावीवर भागवत होते.
पुढंपुढं खोबरं करपलं तरी कळेना,
मग कानानं भाजायला शिकले.
धण्यांची तडतड मंदावली की कढई उतरायची.
नागकेशर बोलतच नाही,
त्याला डोळ्यांनी सांभाळायचं.
गिऱ्हाइकांना पत्ता लागला नाही.
फक्त बोहोरपट्टीतल्या सकीनाबाई
काळ्या मसाल्याचा पुडा नाकाशी धरून म्हणाल्या,
"चंद्रकला, यंदा दगडफूल कमी पडलंय."

पडलं होतं.

गंगापूर रोडला डॉक्टर गायधनी, वयानं माझ्या लेकीएवढी.
तिनं नळी आत घातली आणि पडद्यावर दाखवलं:
राखाडी-गुलाबी, झालरीझालरीचं, ओलं काहीतरी,
हाडाला धरून बसलेलं.
जन्मभर नाकासमोर चालले मी,
नाकाच्या मागं काय चाललंय ते हे असं.
"दगडफुलासारखं दिसतंय," मी म्हणाले.
तिनं दगडफूल कधी पाहिलंच नव्हतं.
"इन्व्हर्टेड पॅपिलोमा," ती म्हणाली,
"बाहेर फुलायचं सोडून आत वळून वाढतो.
दुर्मीळ आहे. निरुपद्रवी."
मग पेनचं टोपण लावत,
"म्हणजे, सोडून देण्याइतका निरुपद्रवी नाही.
मुळाखालचं हाड घासावं लागेल. तरी परततो कधीकधी.
थोड्याच जणांत, पण रूपही बदलतो."

असा एक भाडेकरू होता आमच्याकडे.
भांडण नाही, भाडं वेळेवर,
फक्त दर दिवाळीला त्याची फळी
वीतभर आमच्या बाजूला सरकायची.

माझं माहेर पंचवटीतलं.
ती गोष्ट लहानपणापासून ऐकली,
नेहमी कापणाऱ्याच्या बाजूनं.
ऑपरेशनच्या आदल्या रात्री, उपाशी पोटी,
पहिल्यांदा त्या बाईचा विचार आला.
रक्त कोणी थांबवलं? रात्री ती उताणी झोपली की कुशीवर?
श्वास कसा घेतला असेल?
गावानं तिच्या नाकावरून नाव घेतलं,
विचारपूस कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

माझं सगळं आतल्या आत झालं.
नाकावाटे गेले, नाकावाटे आले, बाहेर टाकाही नाही.
भेटायला आलेल्यांना दाखवायला काहीच नव्हतं.
जाऊबाई हिरमुसल्या.

सव्वा महिन्यानं रिक्षातून परत येताना
नाला गंगेला मिळतो त्या पुलावर
रिक्षावाल्यानं नाकाला रुमाल लावला
आणि मला आलं.
सडकं, गोडसर, साबणाचं, शेवाळाचं,
उजवीकडून, थेट कपाळात.
"थांब रे जरा इथं," मी म्हणाले.
तो माझ्याकडं बघतच राहिला.
मीटर चालू होतं, चालू द्या म्हटलं.

आता दर चार महिन्यांनी नळी.
कितीतरी वर्षं, ती म्हणाली, किती ते नाही म्हणाली.
फाइल ठेवायला घरात धड जागा नाही,
म्हणून कांडपात, दगडफुलाच्या डब्यावर ठेवते.
मागच्या खेपेला तिनं ती उघडली
आणि सलग तीनदा शिंकली.