शिफ्ट दाबून ळ

काँग्रेस रोडवरच्या नव्या दुकानात
ईरण्णा तो माझ्या तळहातावर ठेवतो.
"नोड्री अक्का, वजनच नाही. परवाच आलाय."
खरंच नाही.
इतक्या हलक्या वस्तूची किंमत
याआधी मी फक्त सोनाराकडे विचारली होती.

रंग पहाटेच्या किल्ला तळ्याचा.
झाकण एका बोटानं उघडतं
आणि खालचा भाग जागचा हलत नाही.
बिजागरीवर एवढी माया
आमच्या शहापुरात दाराच्याही नशिबी नाही.

प्रिंटरची वायर कुठं लावायची?
वायर आता नसतेच म्हणे.
पेनड्राइव्ह?
त्याला वेगळी डबी मिळते, अठराशेला.
आणि एखादं बटण गेलं तर?
"वरचा अख्खा भाग बदलायचा की अक्का."
शेजारच्या टॅब्लेटला पेन्सिल चुंबकानं चिकटलेली,
पडेल पडेल वाटतं, पडत नाही.
मी ती तीनदा काढते, तीनदा लावते.
चौथ्यांदा ईरण्णाकडे बघून काढते.

माझं जुनं धूड अकरा वर्षांचं.
त्याचा पंखा वडगावातल्या मागासारखा वाजतो,
थांबला की मी दचकते.
कुशीला पाच भोकं. त्यांतून काय काय आत आलं:
देसूरच्या हायस्कूलच्या प्रश्नपत्रिका,
कुणाकुणाच्या बारशाचे फोटो,
एक निधनवार्ता, जी मी थांबत थांबत जुळवली,
मावशी माझीच होती.
बटणांवर स्टिकर, वर मराठी, खाली कानडी.
लग्नपत्रिकाही तशाच येतात.
मुलगी शहापूरची, मुलगा गोकाकचा,
एका कागदावर दोघांचे आजोबा मावले पाहिजेत.
आमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेली,
त्यांची परातीतल्या लाडवांसारखी गोल,
आणि कुणीच कुणापुढं बारीक दिसता कामा नये.
अर्ध्या पॉइंटवरून इथं सोयरीक फिसकटते.

दुसऱ्यांदा गेले ती भरमाण्णांना घेऊन.
उद्यमबागेत चाळीस वर्षं
फाउंड्रीसाठी त्यांनी सागवानी पॅटर्न कोरले.
चष्मा कपाळावर सारून
कडेवरून अंगठा फिरवला.
"कोपरा गोल केलाय बग.
देखणा दिसावा म्हणून करतात म्हणतीस?
टोकदार कोपऱ्यात ओतलं की लोखंड तडकतंय.
आणि ह्यो उतार. उतार नसला की
पॅटर्न रेतीतनं सुटताना साचा मोडूनच येतंय."
मग त्यांनी तो पालथा केला
आणि स्क्रू शोधले. बराच वेळ.
"करणाऱ्याला हात हाय," म्हणाले,
"पण दुरुस्त करणाऱ्याचा हात त्यानं हिशेबातच धरला नाही."
ईरण्णानं चहा मागवला.

मी घेतला.
चौदा हप्ते आहेत, आणि कारण विचाराल तर
चहा झाल्यावर भरमाण्णांनी
कडेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला,
कुणी बघत नाही असं वाटून.

आता नव्याला डबी, डबीला पाच भोकं,
भोकांतून वायरी निघून प्रिंटरकडे, स्टॅबिलायझरकडे.
ज्यानं हे रूप घडवलं
त्यानं माझं टेबल बघू नये.

काल चिमट्यानं स्टिकर लावत बसले.
ळ दोन्ही भाषांत एकाच बटणावर आहे,
दोन्हीकडे शिफ्ट दाबूनच येतो.
जुन्या कीबोर्डवर तिथं खळगा पडलाय,
कुठल्या भाषेनं किती, सांगता येणार नाही.
नव्यावर सध्या दोघंही ठळक.
गावाचं नाव टाइप करून बघितलं,
आधी एका लिपीत, मग दुसऱ्या.
बटण जेमतेम खाली जातं, आवाज करत नाही.
उमटलं का, म्हणून
दरवेळी मान वर करून बघावं लागतं.