सातवा तुकडा

केमियार्वीच्या उत्तरेला, चौऱ्याऐंशी किलोमीटरवर
आम्ही एका रस्त्याचे आठ तुकडे केले होते.
शंभर-शंभर मीटरचे.
पहिल्याच्या पोटात फेसाळ काच,
दुसऱ्याच्या पोलादभट्टीची मळी,
तिसऱ्यात कागद कारखान्याची राख,
चौथ्यात जाळी, पाचव्यात जाळी आणि राख,
सहाव्यात एका प्राध्यापकाचा हट्ट.
आठव्यात नेमकं काय, ते ज्याला ठाऊक होतं
तो दुसऱ्याच वर्षी खाजगी कंपनीत गेला.

सातव्यात काही नाही.
जुना रस्ता, होता तसा.
तुलनेसाठी.

अकरा वर्षं
जमीन खालून पाणी ओढत राहिली,
रात्रभर आंबवलेल्या पिठासारखी फुगत राहिली,
आणि मे महिन्यात सगळं एकदम सोडून देत राहिली.
आमची लेसरची गाडी वरून जायची
मिलिमीटर टिपत.
सातवा दरवर्षी पहिला यायचा, खराबीत.
आम्ही खूश व्हायचो.

मी हेलसिंकीत बसून जे सांभाळतो
तो रस्ता नव्हे, रस्त्याबद्दलची शंका.
शंकेलाही अंदाजपत्रक लागतं.
दर ऑक्टोबरला अर्थविभागाच्या मार्केट्टाबाई विचारतात,
एका युरोचे किती झाले?
मी म्हणतो, जे खड्डे पडलेच नाहीत
ते मोजायला अजून दोन वर्षं द्या.
बाई हसत नाहीत.
एक वर्ष देतात.
या काळात मंत्री चार झाले, महासंचालक तीन,
खात्याचं नाव दोनदा बदललं;
नव्या पाट्यांना जेवढा खर्च आला
तेवढ्यात नववा तुकडा झाला असता.

यंदा आलेख आला
आणि सातवा गुळगुळीत.
यंत्र बिघडलं, म्हणालो.
यंत्र तपासलं. धडधाकट.
मग मीच निघालो, विमानाने,
पुढे भाड्याच्या गाडीने, रेनडियरना वाट देत.

सातव्यावर काळंकुट्ट नवं डांबर.
कडा अशा दाबलेल्या
की करणाऱ्याने घाई केली नव्हती.

देखभालीचा ताउनो टोपी काढून उभा.
"सप्टेंबरात डांबर उरलं होतं," म्हणाला,
"आणि हाच तुकडा सगळ्यात वाईट.
तुमचा बोर्ड? इथे बोर्ड नव्हता कधी."
होता. तिसऱ्या हिवाळ्यात बर्फाच्या नांगराने पाडला,
आणि नवा लावायचा खर्च
मीच, माझ्या सहीने, पुढच्या वर्षावर ढकलला होता,
आठ वेळा.

"शिवाय ती हिल्या," त्याने हनुवटीने घर दाखवलं,
"नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेते.
इथे आलं की दोघं बोलायचे थांबतात, म्हणाली.
कुणालाच सांगून झालं नव्हतं का तिचं?"

झालं होतं.
आम्हाला.
हिल्या कार्प्पिला, पत्रं चौतीस,
रेघांच्या कागदावर, शाईने.
आम्ही ती फेकली नाहीत, उलट जपली:
परिशिष्ट क, वापरकर्त्यांचा अनुभव.
एका परिषदेत मी त्यातलं एक पडद्यावर दाखवलंही होतं,
नाव झाकून.
आमच्या मोजमापाशी इतकं तंतोतंत जुळत होतं ते.

तिने आत बोलावलं, कॉफी ओतली.
नवरा आतल्या खोलीत, रेडिओ लावून.
मी कोण, कुठून आलो, हे सांगत होतो;
तुलना म्हणजे काय,
एकाला न दिल्याशिवाय दुसऱ्याला दिलेलं कसं दिसत नाही,
हेही सांगायला लागलो आणि मधेच अडलो.
बाहेरून लाकडांनी भरलेला ट्रक गेला.
कपातली कॉफी हलली नाही.
अकरा वर्षांतली ही एकच नोंद
जिला माझ्याकडे रकाना नाही.

ती बराच वेळ चमचा पुसत राहिली.
"म्हणजे पत्रं पोचत होती," म्हणाली.

हो, म्हणालो.
सगळी.