बर

दीड वाजता शाल्मलीने माझं बोट धरलं
आणि सरळ तोंडाकडे ओढलं.
थांब, म्हटलं, थांब गं,
हे बोट अंबडचं आहे,
आठ तास कुलंटात भिजलेलं.

तिला पाळण्यात ठेवून बेसिनशी गेलो.
नखं संध्याकाळीच कापली होती,
तरी पुन्हा साबण, पुन्हा ब्रश,
कोपरापर्यंत.
तेवढ्यात तिने सिडकोची आमची अख्खी रांग उठवली.

हेमलता सिव्हिलला, नाइटला.
फ्रिजवर तिची चिठ्ठी, घाईच्या अक्षरात:
रुमाल ओला करून खालच्या कप्प्यात ठेवलाय.
बर्फात ठेवू नकोस, दगड होतो,
हिरडी सोलवटते.
मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब मी फेकली. शोधू नकोस.

बाहेर हाडं कडकडावणारा जानेवारी.
निफाडकडे आत्ता कुणीतरी
द्राक्षांच्या ओळींत शेकोट्या पेटवत फिरत असेल,
मफलर कानावर ओढून, घडांना झोंबू नये म्हणून.
आणि मी इथे
फ्रिज उघडून गारवा शोधतोय.

डावखरे काका जिना चढून आले, हातात मधाची बाटली.
सुरगाण्याचा, अस्सल, बोटभर चाटव.
म्हटलं, काका, वर्षाची होऊ दे.
आमचे चार ह्यावरच वाढले, म्हणाले.
वाढले, मी कुठे नाही म्हणतोय.
बाटली घेतली, वरच्या फळीवर ठेवली.
काका थोडा वेळ दारातच उभे राहिले,
मग हळूच म्हणाले,
आमचे रडायचे तेव्हा मी कंपनीत असायचो.

अंगाला हात लावला तर जरा कोमट.
काखेत थर्मामीटर. नव्व्याण्णव.
चिठ्ठीच्या मागच्या बाजूला:
शंभरच्या वर गेला तर दाताला दोष देऊ नकोस,
मला फोन कर.
दात बिचारा किती गोष्टींचा धनी होतो
अजून आलाही नसताना.

गार रुमालाचं टोक तिने चावलं,
चोखलं, फेकलं, पुन्हा मागितलं.
लाळेरं भिजलं, दुसरं बांधलं,
तेही भिजलं, मग नुसताच गळा पुसत राहिलो.
मावशींनी त्र्यंबकहून आणलेली मण्यांची माळ
खिळ्यावरून बघत होती.
देवाची आहे, भिंतीवर राहील.
रात्री गळ्यात काही नको.

मग बोट.
हिरडीवरून हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
जरासं दाबून, जसं ती सांगेल तसं.
आणि ती गप्प.
एवढ्या मोठ्या जगात एवढंसं चावायला मिळालं
म्हणून गप्प.

बावीस वर्षं मी जॉबच्या कडेवरून हेच बोट फिरवतोय.
मायक्रोमीटर नंतर, बोट आधी.
कुठे बर राहिली असेल, केसाएवढी का होईना,
कातडीला कळतं.
कळलं की कानस घ्यायची, दोन हात मारायचे,
कड गुळगुळीत करून पुढे द्यायची.
इन्स्पेक्शनला आजवर एकही पीस परत आला नाही.

पावणेतीनला, खाली, डाव्या बाजूला,
बोट थांबलं.
पुन्हा मागे नेलं. पुन्हा थांबलं.
बर.
चांगली धारदार.
पॉइंट दोन, फार तर पॉइंट तीन.

आयुष्यात पहिल्यांदा एक बर सापडली
आणि मी ती तशीच राहू दिली.

ती झोपली तेव्हा
गाडी नाशिकरोडला लागते तसा
दुरून काहीतरी आवाज आला, की मलाच वाटलं.
पाठीवर निजवली. उशी नाही, गोधडी छातीपर्यंतच,
रुमाल काढून घेतला मुठीतून,
एकेक बोट सोडवत.

साडेसातला हेमलता आली.
अंगाला डेटॉलचा वास, डोळे लाल.
पर्स टाकून थेट पाळण्याकडे वाकली.
म्हटलं,
आधी हात धू.

तिने माझ्याकडे पाहिलं,
बावीस सेकंद साबण लावला असेल,
मी मोजत होतो.

आता करंगळी घाल, म्हटलं.
खालची बाजू.
नाही, सांगणार नाही.
तूच शोध.