मोजा

परवाच्या पेपरात छापून आलंय:
बोग्नाच्या चेलोतला तो हलका,
जवळजवळ न वाजलेला सूर
ही दैवी देणगी.
मी कात्रण काढून चष्म्याच्या डबीत ठेवलं.
दैवी वगैरे ठीक आहे,
पण तेव्हा मी रात्रपाळीला होतो.

वूच शहर, गिरणीमागची इमारत, चौथा मजला.
सहाला भोंगा, साडेसहाला मी घरी,
भुवयांवर कापसाची भुरी,
कानांत अजून दोनशे माग चाललेले.
एकच खोली. मधे पडदा म्हणून
आईनं जोडून शिवलेले कापडाचे तुकडे,
गिरणीनं नापास केलेले.
पडद्याच्या अलीकडे माझी झोप,
पलीकडे तिचा सराव.

चेलो संगीतशाळेचा, पाठीवर क्रमांक रंगवलेला,
तिच्याहून उंच.
मास्तर म्हणायचे, पोट भरून वाजव, भिंती हलू देत.
आमच्या भिंती हलायला निमित्तच शोधत होत्या.
खालची यादविगा, तीही रात्रपाळीची,
चमच्यानं रेडिएटरच्या नळावर ठोकायची.
एक टण् म्हणजे पुरे.
तीन म्हणजे मी येतेच वर.

मग बोग्नानं माझा एक लोकरी मोजा
तारांखाली कोंबला.
(तो हरवला म्हणून मी सबंध हिवाळा आईशी भांडलो.)
सात वर्षं.
गज ओढायचा नाही,
श्वास सोडतो तसा सोडायचा.
चुकली तरी चूक कुजबुजत करायची.
मला झोपेत वाटायचं,
लांब कुठेतरी कुणी रडतंय
आणि आपण उठायची गरज नाही.

पुढे वॉर्सॉच्या प्राध्यापकांनी
तिचा खांदा तपासला, कोपर, मनगट.
हात एका जागी येऊन थांबायचाच,
इंचभर अलीकडे.
त्या इंचावर यादविगा राहत होती,
त्यांना कसं कळणार?
शेवटी त्यांनीच हात टेकले
आणि त्याला शैली म्हणू लागले.

मागच्या थंडीत आली होती ती.
गिरणीत आता अत्तरांची दुकानं.
यादविगा जाऊन अकरा वर्षं झाली.
माझा उजवा कान मागांनी खाल्ला,
डावा निम्मा राहिलाय.
म्हटलं, बोग्ना, वाजव आता हवं तितक्या जोरात,
दिवसा कुणी झोपत नाही इथं.
तिनं डोळे मिटले.
गज जाताना दिसला, येताना दिसला.
मी हातानं खूण केली, मोठ्यानं.
तिचे डोळे मिटलेलेच.
मग मी काठीनं नळावर ठोकलं,
मोठ्यानं, एवढंच म्हणायचं होतं मला.

गज जागच्या जागी थांबला.
सत्तावन्न वर्षांची बाई,
पडद्यामागच्या पोरीसारखी
मान खाली घालून बसली.

दुसऱ्या पायाचा मोजा अजून आहे माझ्याकडे.
जोडी नाही म्हणून घालता येत नाही,
आणि टाकवतही नाही.