वाजवून बघणं

दुकान विकलं त्या वसंतात आम्ही लियोंला गेलो, चार दिवस.
पहिल्याच रात्री तीनला जाग आली,
हात पिठात जायला निघालेले, आणि खाली नुसती चादर.
ओडील म्हणाली, झोप. म्युझियम दहाला उघडतं.

दहाला आम्ही दारात, शाळेच्या दोन रांगांमागे.
संत, संत, बाण लागलेला संत,
मग एक अख्खं दालन नुसतं ढगांचं.
ओडील प्रत्येक पाटी वाचायची, चष्मा वर, चष्मा खाली.
मी बाकं मोजत होतो.

अकराव्या खोलीत मात्र पाय अडले.
वीतभर चित्र. कथलाची थाळी, सुरी, अर्धं लिंबू
आणि पाव.
काढणाऱ्याचं नाव पाटीवरसुद्धा नव्हतं,
पण भट्टी त्याला ठाऊक होती.
डाव्या अंगाला तो पाव जरा जास्त भाजलेला,
तिकडच्या विटा जास्त तापत असणार. माझ्याही तापायच्या.
वरची चीर उललेली, कडेला पिठाची भुकटी,
कुणीतरी आत्ताच फळीवर ठेवून हात झटकलेत.
तीनशे वर्षं झाली, अजून निवतोय.

आणि माझा हात गेला. खरंच गेला.
पाव उचलायचा, उलटा करायचा, बुडाशी बोटानं वाजवायचा,
पोकळ वाजला की झाला.
चाळीस वर्षांची सवय, तिला रंग काय अन् पीठ काय.

"मागे! मागे व्हा!"
पहारेकरी धावत आला, नुकतं मिसरूड फुटलेला,
छातीवरच्या बिल्ल्यावर नाव: यानीस.
मी म्हटलं, भाजलाय का बघत होतो.
तो माझ्या मनगटांकडे बघत राहिला, भट्टीच्या डागांकडे,
मग इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं,
"मग? भाजलाय?"
ओडील दोन खोल्या पलीकडे उभी,
माझी तिची ओळखच नसल्यासारखी.

दुपारी सोन नदीच्या काठी एक बिस्त्रो.
टेबलावर कागद अंथरलेला, फळ्यावर खडूनं कांद्याचं सूप,
वेटर घाईत, कोपरानं दार ढकलणारा.
टोपलीत दोन छोटे पाव आले.
इथे नको हं, ओडील म्हणाली.
मी हात मांडीवर ठेवले, पोरासारखे.

सूप यायला वेळ होता.
तिनं एक पाव उचलला. उलटा केला.
कानाशी नेला, आणि डोळे मिटून वाजवला.
"कालचा," ती म्हणाली.

सुपात बुडवून एक संपवला आम्ही.
दुसरा तिनं रुमालात बांधून पर्समध्ये टाकला,
म्युझियमच्या तिकिटांवर.
रात्री तीनला लागेल, म्हणाली.