बेचाळीस ताटल्या

बोटीवर मी बेचाळीस माणसांचा भात शिजवायचो.
सव्वीस वर्षं. हाताला तेच माप बसलं.
घरी परतलो तेव्हा जेवणारी दोघं,
आणि हात काही ऐकेना.
एस्पेरांस म्हणायची, "रे पास्कू, हयां काय लगीन आसा?"
उरलेला भात ती शेजारी द्यायची, कोंबड्यांना घालायची,
शिव्या मला.

ती गेली. महिन्याच्या मिसेनंतर
फादर सिप्रियान घरी आले, चुलीवरचं पातेलं बघून
थोडा वेळ गप्पच बसले.
मग म्हणाले, "हे इगर्जीमागच्या पडवीत खपेल."

चिरेखाणीवरची पोरं.
आईबाप खाली खड्ड्यात, मशीनचं पातं किंचाळतंय,
आणि ही काठावर, चिऱ्यांच्या चळतीच्या सावलीत,
सावली सरकेल तशी सरकत.
शनिवारी आली. पापण्यांवरसुद्धा तांबडी धूळ.
सिस्टर ओदीलनं आधी हात धुवायला लावले;
न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यापर्यंत
लाल वाहत राहिलं.

मग गाबीतवाड्यातली आली.
तांडेलांची रेवती ओंजळभर सुकट घेऊन,
"आवशीन दिल्यान," म्हणाली, आणि दारातच उभी.

पारावर विषय निघणारच होता.
आप्पा सामंतांनी विचारलं,
"पास्कू, भाताबरोबर आणखी काय वाढतंस रे पोरांक?"
"सोलकढी," म्हटलं. "उरली तर."
पुढच्या शनिवारी ते स्वतः आले.
एक वाटी प्यायले, मीठ कमी म्हणाले,
आणि निघता निघता कुणीतरी सात सक्कं चव्वेचाळीस म्हटलं
म्हणून चपला काढून परत आत बसले.
अजून बसतात.

ताटल्या मी कुडाळहून आणल्या. बेचाळीसच.
दुकानदार म्हणाला, "नाव घालायचं?"
अक्षराला आठ आणे. तो बोटांवर मोजत बसला.
कै. एस्पेरांस पास्कू ब्रिटो हिच्या स्मरणार्थ.
सुई टकटकत होती आणि मला आठवलं,
ही कुडाळच्या पलीकडे कधी गेली नाही.
मी डरबन पाहिलं, रॉटरडॅम पाहिलं,
चित्रांची कार्डं पाठवली.
ती उलट टपाली एवढंच विचारायची,
थंय म्हावरां गावता?

मल्लव्वा सहा वर्षांची. खाणीवरच्या हणमंताची.
तिनं मला 'बेकु' शिकवलं: हवं.
तीन शनिवार तेवढा एकच शब्द.
मला सात बंदरांच्या भाषेत भात वाढता येतो,
हा शब्द मात्र नवा होता.
चौथ्या शनिवारी तिनं ताटलीवर आडवा हात धरला,
"साकु."
पुरे.
मी डाव तसाच धरून उभा राहिलो.
बोटीवर मला पुरे कुणी म्हटलं नव्हतं,
घरी जी म्हणायची ती कोंबड्यांना भात घालत म्हणायची.

पाटी नव्हती तेव्हा सिस्टर ताटलीवरच शिकवायची.
भात संपला की खालून नाव निघे.
एस्पेरांसचा ए. पास्कूचा पा.
पोरं बोटानं गिरवत, बोट चाटत, पुन्हा गिरवत.
माझ्या बायकोवरून इतकी बोटं फिरलेली
तिला चालली असती का कोण जाणे.
हात धुतलेत ना, असं तिनं नक्की विचारलं असतं.

मेच्या अखेरीला खाण बंद झाली.
ट्रक रात्रीच गेला.
शनिवारी आम्ही भांडी मोजली. एक्केचाळीस.
पुन्हा मोजली.
सिस्टरनं नोंदवही उघडली, "हरवली असं लिहू?"
आप्पा म्हणाले, "चोरली असेल."
मी म्हटलं, लिहा, विजापूरला गेली.

आता आठ पोरं येतात. मी घालतो तेवढेच तांदूळ.
सिस्टर रागावते, मला बरं वाटतं.
तिकडे कुठल्याशा रानात, नव्या खड्ड्याच्या काठावर
एस्पेरांस उन्हात चकाकत असेल,
तिच्यात भाकरी, चटणी, काय असेल ते.
लिपी वेगळी तिथली. तिचं नाव कुणाला कळणार नाही.
मल्लव्वाला 'ए' तेवढा येतो.